जॉनची स्प्लेंडर

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आणली. शेवटी आणलीच.

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात होती, बाभळीखाली. तीन वर्षं उन्हापावसात. सीट फाटून आतला स्पंज बाहेर आलेला, चाकांतून गवत उगवलेलं. शिपायाने नंबर मोठ्याने वाचला. "हीच का?" लांबूनच हो म्हटलं. जवळ जाववेना.

डिसेंबर एकवीसमध्ये जॉन हिच्यावरून पडला तो परत उठलाच नाही. कालव्याच्या चारीजवळच्या वळणावर. एकटा होता, प्यालेला होता, घसरला — असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

काकासाहेबाच्या टेम्पोतून आणली. तो म्हणाला, "वैनी, जाता जाता भंगारवाल्याकडं उतरवू का? कशाला दारात हे?" घरीच घे म्हटलं. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही.

आई दारात उभ्या होत्या. टेम्पोची फळी पडली, गाडी दिसली, तशा आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. सासूसारख्या वागल्या नाहीत त्या माझ्याशी कधी. पण आज दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांना आधीच माहीत! भजन चालू असतानासुद्धा लोक माझ्याकडे वळून बघत होते. सुटल्यावर पाळकसाहेब जवळ आले. "बाई, विकून टाका. माणूस गेला, आता गाडीचं काय करायचं?" मी म्हटलं, विकायचीच आहे, पण चालू करून विकेन. बोलता बोलता वाटलं, हे बरं सुचलं. आता हेच सगळ्यांना सांगायचं.

खरं कारण इथे लिहिते. मला हिचा राग आहे. जॉनचाही आहे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायबलवर हात ठेवून त्याने दारू सोडली होती. त्यानंतर थेंब नाही — कारखान्यावर वजनकाट्यावर बसायचा, तिथे बरोबरचे सगळे घ्यायचे, तरी नाही. आणि त्या दिवशी दवाखान्यातून त्याचे कपडे पिशवीत घालून दिले, तेव्हा मी शर्ट नाकाशी धरला. दारूचाच वास! मी स्वतः घेतलाय तो वास. कुणी सांगितलेलं नाही.

त्याच्या कबरीवर एकदाही फूल ठेवलं नाही मी. आई आत जातात. मी फाटकाशी थांबते.

राग नुसता बसून राहत नाही. हाताला काहीतरी हवं असतं.

११ फेब्रुवारी

शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेते आणि इथे दहाचा पाना कुठला, बाराचा कुठला ते कळेना. मोबाईलवर व्हिडिओ लावून शेडमध्ये बसले. तो माणूस दोन मिनिटांत सीट काढतो. मी संध्याकाळभर. पहिल्याच बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं. बोटं सोलली.

आईंनी हळदीचा डबा पुढे सरकवला.

१५ फेब्रुवारी

कर्जतला स्टँडच्या मागे शहजादीभाभींचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्याच बसतात गल्ल्यावर. आत टायरांच्या चळती, वर लटकलेल्या केबली, मध्ये भाभी — चष्मा कपाळावर.

"काय पायजे बाई? स्कूटीचं?"

"स्प्लेंडरचं. जुनी आहे, नव्याण्णव सालची."

"मिस्त्री कोन तुमचा?"

"मीच."

खालून वरपर्यंत बघितलं मला. मग स्टूल पुढे ओढलं. "बसा मंग. येळ लागंल."

म्हणाल्या, पार्ट आत्ताच घेऊ नका. "आदी तिचं पोट साफ करा. जुनं पेट्रोल काढा, टाकी धुवा, कार्बोरेटर खोला. मंग बघू जीव हाय का न्हाई."

जीव! साधं बोलत होत्या त्या. मी तो शब्द घरापर्यंत घेऊन आले.

१६ फेब्रुवारी

टाकीत पेट्रोल निघालं. त्याने भरलेलं. चहासारखा रंग झालाय, वास वार्निशासारखा. पंपावर तो खाली उतरायचाच नाही, गाडीवर बसूनच झाकण उघडायचा. मी मागून उतरून पदर सावरत उभी राहायची. डबा हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी बांधावर ओतलं.

१७ फेब्रुवारी

बांधावरचं गवत पिवळं पडलंय.

२३ फेब्रुवारी

मागच्या मडगार्डच्या आत सुकलेल्या चिखलाचा गोळा होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तसा खाली पडून फुटला. आत वाळकं शेवाळ, एक छोटा शिंपला. आमच्या दारातली माती तांबूस आहे. ही काळी. चारीची. म्हणजे त्या वळणाचीच.

केरसुणी घेतली तर आई मागे उभ्या. कधी आल्या कळलं नाही. "राहू दे," म्हणाल्या. खाली बसून सगळं वाटीत भरलं — बारीक कण बोट ओलं करून उचलले — आणि आत घेऊन गेल्या.

कुठे ठेवलं, विचारलं नाही.

२ मार्च

आज हसले! टाकीत बारीक खडी आणि डिझेल घालून गंज काढायचा असतो, हलवून हलवून. टाकी मांडीवर घेऊन मी डोलत बसले होते, खडखड खडखड, आणि समोरच्या वस्तीवरच्या राजेश्वरीबाईंनी विचारलं, "बाळ झोपंना का?" दोघी हसलो. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं बहुतेक. पोर नाही मला. घाईघाईने निघून गेल्या.

कार्बोरेटरचं जेट इतकं बारीक असतं — सुईचं टोकही जाईना. वायरीतला तांब्याचा एक केस काढून त्याने साफ केलं. फुंकर मारली तर पलीकडे हवा लागली. एवढ्याशा भोकावर सगळी गाडी चालते.

८ मार्च

बॅटरी जोडली आणि हॉर्न सुरू झाला. मी बटणाला हातही लावला नव्हता. हँडल वाकलंय, आत वायर कुठेतरी चेपली असणार. थांबेचना! तोच आवाज. मला सुचेनासं झालं.

आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. हात पिठाचे. माझ्याकडे, गाडीकडे बघितलंच नाही. रस्त्याकडे बघितलं.

मी वायर ओढून तोडली. आवाज बंद.

"बंद कशाला केलंस?" म्हणाल्या.

९ मार्च, रविवार

आज जे बघितलं ते नीट लिहून काढायचंय, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मनाचे खेळ.

गाडी उजव्या अंगावर पडली होती. उजवा आरसा फुटलाय, ब्रेकचा पेडल आत वळलाय, सायलेन्सरवर लांब ओरखडे. हे सगळं माहीत होतं. आज सायलेन्सर काढायला म्हणून उजवीकडे खाली बसले, आणि मागच्या सीटचं फूटरेस्ट दिसलं. उजवीकडचं. उघडं आहे. मागे वाकलंय, मिटत नाही. टोकाचं रबर पार घासून आतलं लोखंड उघडं पडलंय.

ते उघडं का आहे?

मी नेहमी एका अंगावर बसायची, साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे. आई तशाच. उजवीकडचं कुणी वापरायचंच नाही. इतकं जाम झालं होतं की जॉन म्हणायचा, याला तेल सोडायला हवं एकदा. आपोआप उघडणं शक्यच नाही. कुणीतरी पायाने जोर लावून उघडलं.

मागे कुणीतरी बसलं होतं.

१० मार्च

शाळेत लक्ष नाही. फळ्यावर बेरीज चुकले, पोरांनी सांगितली.

पहिला विचार आला तो घाणेरडा. बाई असेल. लोक तेव्हा तसंही कुजबुजले होते — "एवढ्या उशिरा तिकडं कशाला गेलता?" दिवसभर तो विचार चावत राहिला. मग वर्गातच सुचलं, आमच्याकडची बाई एका अंगावर बसते. तिला उजवं फूटरेस्ट कशाला लागेल? टांग टाकून बसलेला तो पुरुष.

हुश्श झालं मला. आणि हुश्श झालं म्हणून स्वतःचीच चीड आली. पुरुष तर पुरुष — मग तो गेला कुठे?

१२ मार्च

फूटरेस्ट काढून पिशवीत घालून कर्जतला नेलं. शहजादीभाभींच्या गल्ल्यावर ठेवलं.

"ठाण्यात उचलताना कुणी उघडलं असेल का?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. टोकावरून अंगठा फिरवला. "हे डांबरानं घासलंय बाई. मिटलेलं असतं तर टोक कसं घासलं असतं?" मग हळूच, "कोन हुतं मागं?"

"माहीत नाही."

"आन् त्यो मानूस काय बोलला न्हाई? एवढ्या वर्सांत?"

नवीन फूटरेस्ट दिलं. जुनं ठेवून घेऊ का, म्हणाल्या. नको म्हटलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते.

१४ मार्च

जेवताना आईंना सांगितलं. सगळं. फूटरेस्ट ताटाशेजारी ठेवलं. त्या भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिल्या.

"आई, कुणीतरी बरोबर होतं त्याच्या."

तुकडा ताटात ठेवला. "विकून टाक ती गाडी, आराधना."

"कोण असेल?"

"विकून टाक म्हनते ना मी!"

मरियाआई म्हणतात गावात यांना. कुणाशी मोठ्याने बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी आज ऐकलं.

१६ मार्च

चर्चला गेले नाही.

२२ मार्च, शनिवार

चालू झाली!!

प्लग बदलला, ठिणगी कुठून येते ते शिकले, इंजिन ऑइल घातलं (आधी खालचा नट बसवायला विसरले, सगळं शेडभर सांडलं, त्यावर राख टाकली). किक मारून मारून पिंढरी भरून आली. चोक ओढला, परत मारली. खोकली. परत. आणि एकदम धरलंच तिने. धूर, धूर, सगळं शेड पांढरं. तो आवाज... मी हँडल धरून उभी राहिले, सोडलं तर बंद पडेल म्हणून.

आतून आईंचा आवाज आला. नेहमीचा, कामात असतानाचा. "जॉन, चपला भाईर काढ. आत्ताच सारवलंय."

मी गाडी बंद केली.

आत गेले. चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मागे वळल्या नाहीत. मी चपला बाहेर काढल्या.

२९ मार्च

शाळेच्या मैदानावर शिकतेय. क्लच सोडला की उडी मारते, मग बंद. दोनदा पडले. गुडघा फुटला. पण आज तीन चकरा सलग मारल्या.

एक गोष्ट कुणाला सांगता येणार नाही. सीट नवीन बसवली, घट्ट आहे. तरी वळताना मागे वजन जाणवतं. कुणीतरी बसल्यासारखं. वाकतं तेही — वळणाच्या उलट्या बाजूला, न शिकलेल्या माणसासारखं. मी थांबून मागे बघते. मैदान रिकामं.

जॉन नाही तो. जॉनचं वजन मला माहीत आहे. दुसराच कुणीतरी.

५ एप्रिल, शनिवार

वळणावर जाऊन आले. गाडीवरून, एकटी. हात इतके घामेजले की ग्रिप निसटत होती.

काही नाही तिथे. डांबर, कडेला वेड्या बाभळी, खाली चारी — पाणी नाही सध्या. माझ्या मनात काय काय होतं, आणि जागा अशी साधी. गाडी उभी केली तशी पलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. लांबूनच ओरडली, "कुनाची गं तू?"

"जॉनची."

लगेच ओळखलं तिने. चांगुणाबाई. सकाळी सगळ्यांच्या आधी तिनेच बघितलं होतं त्याला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी विचारलंही नव्हतं म्हणा.

कडेच्या दगडावर बसलो दोघी. तिने स्वतःहून सांगितलं. "मला तर वाटलं झोपलाय ह्यो. नीट पाय पसरून, असा उताना. डोस्क्याखाली उशी. म्या दोन हाका मारल्या, ऊठ बाबा, दव पडलंय."

"उशी?"

"उशी म्हंजी जर्किन गं. चांगलं घडी घालून ठेवल्यालं. निळं. पाठीवर पांढरी अक्षरं हुती. मला काय वाचता येत न्हाई."

"मग ते जर्किन कुठे गेलं?"

"लोकं जमली, गाडी आली. कुनी उचललं कुनाला ठावं."

अपघातात पडलेला माणूस स्वतःच्या डोक्याखाली घडी घालून घेत नाही. कुणीतरी त्याला उचलून बाजूला घेतलं. नीट झोपवलं. डोक्याखाली ऊब दिली. आणि निघून गेलं.

निळं जर्किन, पाठीवर पांढरी अक्षरं.

ते मला माहीत आहे. मीच धुवायची ते.

६ एप्रिल

सत्यवानचं होतं. जॉनचा धाकटा भाऊ. भरतीच्या अकॅडमीचं जर्किन, थंडीउन्हात अंगातून काढायचा नाही, पोलीस होणार म्हणून गावभर मिरवायचा. सासरे लवकर गेले, जॉननेच वाढवला त्याला. मातीनंतर आठवड्याभरात चाकणला कंपनीत लागला आणि तेव्हापासून घरी नाही. नाताळालाही नाही. रविवारी आईंना फोन करतो, मला देऊ नको म्हणतो. मला वाटायचं, दादाच्या आठवणीने येववत नसेल.

७ एप्रिल, सोमवार

आई चिंचा फोडत होत्या. समोर बसले. मीही फोडायला घेतल्या. चिंचोके वेगळे, गर वेगळा.

"आई, सत्यवान होता ना?"

हात थांबले नाहीत त्यांचे. चिंचेकडे बघतच बोलल्या.

"त्या राती पॅन्टीला गुडघ्यापतुर काळा चिखल हुता. अंगात जर्किन न्हाई, एवढ्या गारठ्यात. तू शेजारच्या खोलीत दादाची वाट बघत बसलीवती. त्यो मागल्या दारानं आला. तोंडाला वास येत हुता. म्या म्हनलं, जेव. न्हाई म्हनला. सकाळी खबर आली."

"तुम्ही विचारलं नाही त्याला?"

"पॅन्ट धुतली."

"आई!"

"इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आराधना. मग दोघंबी गेले असते माझे."

उठून जावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं. वास सत्यवानच्या तोंडाला होता! सगळं गाव जॉनला दारुडा म्हणालं, मी म्हणाले, आणि या माउलीने रोज माझ्या ताटात भाकरी वाढली आणि ऐकून घेतलं. तिच्या पोटचा तो. एकाचं नाव गेलं तरी चालेल, दुसरा राहिला पाहिजे.

चिंचा मात्र संपवल्या. दोघींनी मिळून.

८ एप्रिल

त्याला फोन केला. काय बोलायचं हे ठरवून ठेवलं होतं, काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, "सत्यवान, दादाची गाडी चालू झालीय."

पलीकडे कंपनीचा आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला. बाहेर आला असेल चालत.

"शनिवारी येतो वैनी."

१० एप्रिल

जॉनला म्हणाले आज. मोठ्याने, शेडमध्ये, चेनला तेल लावताना. म्हटलं, एक तरी खूण ठेवायचीस. मला कळेल अशी. फूटरेस्ट कसली खूण!

१२ एप्रिल, शनिवार

आला. वाळलाय. पुढचे केस गेलेत. फाटकातून आत आला आणि गाडी दिसली तसा तिथेच उभा राहिला. मी पेट्रोलची टाकी नव्याने काळी रंगवली आहे, लाल पट्टा तसाच ठेवलाय. त्याने हात पुढे केला, लावला नाही.

आईंनी पाणी दिलं. मग मीच जुनं फूटरेस्ट आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उचललं आणि रडायला लागला — लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. मला दया आली नाही. मी थांबले.

सांगितलं त्याने. हॉटेलवर मित्रांबरोबर बसला होता. भरतीचं ग्राउंड, पळायची-उड्यांची परीक्षा, परवावर आलेलं आणि हा तिथे. कुणीतरी जॉनला कळवलं. जॉन कारखान्यावरून परस्पर तिकडे गेला. शिवी नाही, काही नाही.

"माझ्या हातातली बाटली काढून घेतली, वैनी. फेकली न्हाई, म्हनला उगं कुनाच्या पायात काच जायची. शर्टाच्या आत खोचली. म्हनला, बस मागं. टांग टाकून बस, धरून बस."

"मग?"

"वळणावर मी बाटली ओढली. त्याच्या शर्टातनं. मस्करीत. लई चढली हुती मला. त्यानं माझा हात धराया म्हनून हँडल सोडलं एका हातानं..."

बाटली शर्टात फुटली. म्हणून तो वास.

मी शेडच्या खांबाला टेकले होते. पाठीत खिळा टोचत होता, तरी हलले नाही.

"तुला लागलं?"

"काय न्हाई. खरचटलं. दादाला कडंला घेतलं. जर्किन दिलं डोक्याखाली. आन्... निघालो."

"जिवंत होता?"

"व्हय."

"बोलत होता?"

"व्हय, वैनी."

आई उठल्या. भिंतीला हात लावत लावत आत गेल्या. मला पुढचं ऐकवलं नाही. बास म्हटलं. मग एक विचारलं, ग्राउंडला गेला होतास का?

"न्हाई. गेलोच न्हाई."

मी म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीने जा.

तो बाहेर ओट्यावर झोपलाय. मी सायंकाळी दफनभूमीत जाऊन आले. आत गेले. पण फूल न्यायचं राहिलंच. हातात काही नाही हे तिथे पोहोचल्यावर कळलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सत्यवानला स्टँडवर सोडलं. गाडी लागायच्या आधी विचारलंच — काय बोलला तो?

"दादाला वाटलं, पायच मोडलाय. म्हनला, तू जा. परवा ग्राउंड हाय, पोलिसात नाव गेलं तर संपलं तुझं. मी फोन करून टेम्पो बोलावतो, सांगतो एकटाच हुतो म्हनून. म्या म्हनलं, दादा, शर्टाला वास येतोय, वैनीला काय वाटंल? तर हसला, वैनी."

"काय म्हणाला?"

"म्हनला, आराधनाला काय सांगायचं? तिला म्हाईत हाय मी घेत न्हाई."